दिवाणी न्यायाधीशाची बदली: पसंतीच्या अर्जापासून नव्या बोर्डापर्यंत

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणून रुजू होणाऱ्याला साधारण तीन वर्षांनी गाव बदलावे लागणार, हे आधीपासून माहीत असते. बदलीसोबत येणारे कोर्टाचे काम मात्र फारसे कोणी समजावून सांगत नाही. ट्रक, शाळा, गॅसचे कनेक्शन यांची आठवण घरचे करून देतात. युक्तिवाद ऐकून निकालावर ठेवलेले दावे, अर्ध्यावर आलेल्या साक्षी, मुद्देमालाच्या खोलीची किल्ली, कोषागारातली नमुना स्वाक्षरी यांची आठवण करून देणारे घरात कोणी नसते. यांतले काही सुटले तर भुर्दंड मागे राहिलेल्या पक्षकाराला आणि कर्मचाऱ्यांना बसतो. म्हणून या लेखात सामानाबद्दल थोडे आणि फायलींबद्दल बरेच लिहिले आहे.

बदली कोण करते

राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे दुय्यम न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. नेमणुकीचे ठिकाण, बढती आणि रजा हे सगळे त्यात येते. दिवाणी न्यायाधीशाची नियुक्ती अनुच्छेद २३४ खाली राज्यपालांच्या नावे होते आणि निवड लोकसेवा आयोगामार्फत होते. पण एकदा सेवेत आल्यावर कोण कोणत्या गावी बसणार हे मुंबई उच्च न्यायालय ठरवते. जिल्हा न्यायाधीशांच्या बदल्यासुद्धा सरकार करू शकत नाही, त्या उच्च न्यायालयाच्याच हातात आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या रंगा महंमद प्रकरणात १९६० च्या दशकातच स्पष्ट केले. त्यामुळे महसूल किंवा पोलीस खात्यातल्या मित्रांचे बदलीचे अनुभव इथे लागू पडत नाहीत. मंत्रालय, पालकमंत्री, आमदाराचे पत्र या वाटा इथे नाहीतच, आणि त्या चोखाळल्या तर वर्तणूक नियमांचा भंग म्हणून अंगाशी येतात.

व्यवहारात साखळी अशी असते. तुमच्या वरचे पहिले अधिकारी प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश (पीडीजे). त्यांच्यामार्फत कागद उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय शाखेकडे, म्हणजे रजिस्ट्रार जनरल यांच्या कार्यालयाकडे जातात. प्रत्येक जिल्ह्याला उच्च न्यायालयाचे एक पालक न्यायमूर्ती असतात. अंतिम निर्णय उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय पातळीवर होतो आणि आदेश रजिस्ट्रीतून निघतो. पीडीजेंना डावलून थेट वर पाठवलेला अर्ज बहुधा ‘योग्य मार्गाने सादर करावा’ असा शेरा घेऊन परत येतो आणि महत्त्वाचे आठवडे वाया जातात.

गोव्यातली न्यायालये याच उच्च न्यायालयाच्या अधिपत्याखाली आहेत, पण तिथली न्यायिक सेवा वेगळी आहे. महाराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याने पसंतीत मडगाव लिहून उपयोग नाही.

वर्षाचे चक्र

सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा होतात. त्यांची सांगड उन्हाळी सुट्टीशी घातलेली असते. सुट्टीच्या आधी आदेश निघतात, जुन्या ठिकाणचा कार्यभार सुटतो आणि जूनमध्ये न्यायालये उघडतात तेव्हा नवा न्यायाधीश नव्या खुर्चीत असतो. शाळांचे वर्षही तेव्हाच सुरू होते. आदेशाच्या काही महिने आधी माहिती आणि पसंती मागवणारे परिपत्रक येते. अनेक नवे अधिकारी त्याकडे एक फॉर्म म्हणून बघतात आणि शेवटच्या दिवशी घाईत भरून टाकतात. खरे तर संपूर्ण प्रक्रियेत तुमच्या हातात असलेली जागा ही एवढीच.

याशिवाय वर्षाच्या मधेही बदल्या होतात: बढतीमुळे, नवे न्यायालय सुरू झाल्यामुळे, एखादे पद अचानक रिकामे झाल्यामुळे किंवा प्रशासकीय कारणाने. उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीतले प्रशिक्षण आटोपल्यावरची पहिली नेमणूक हा वेगळाच प्रकार. तिथे रिकाम्या जागा आणि सेवेची गरज यांवर सगळे ठरते. पहिल्या नेमणुकीत मोठ्या शहराची अपेक्षा ठेवू नये.

माहिती भरताना

फॉर्ममध्ये मूळ जिल्हा, वकिली केलेले ठिकाण, आजवरच्या नेमणुका, जोडीदाराची नोकरी, मुलांच्या इयत्ता आणि वकिली करणारे नातेवाईक असे रकाने येतात. यांतले दोन रकाने बेफिकिरीने भरले जातात.

पहिला, वकिलीचे ठिकाण. जिथे तुम्ही वकील म्हणून उभे राहिलात तिथे तुमचे जुने अशील, तुमचे सीनिअर आणि तुमच्या वकीलपत्राच्या फायली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. त्यामुळे यापुढे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत हा रकाना भरलेला असणार. सनद एका जिल्ह्यातल्या पत्त्यावर आणि प्रत्यक्ष प्रॅक्टिस दुसऱ्या जिल्ह्यात, असे असेल तर दोन्ही लिहा. ज्या तालुक्यांत नियमित जात होता तेही लिहा.

दुसरा, नातेवाईक वकील. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमानुसार वकिलाला आपल्या नात्यातल्या न्यायाधीशापुढे उभे राहता येत नाही. त्या यादीत आई-वडील, भावंडे, मुले, पती-पत्नी तर आहेतच. काका-मामा, आत्या-मावशी, पुतणे-भाचे, सख्खी चुलत-मावस भावंडे, सासू-सासरे, मेहुणे, दीर, नणंद, सून, जावई हेही आहेत. लग्न झाल्यावर ही यादी दुप्पट होते आणि फॉर्मवर मात्र जुनीच राहते. दोन न्यायाधीशांच्या छोट्या तालुक्यात तुमचे मेहुणे प्रॅक्टिस करत असतील तर त्यांची प्रकरणे दुसऱ्या कोर्टाकडे वळवत बसावे लागते. तो दुसरा न्यायाधीश रजेवर गेला की तोही तोल बिघडतो. असे गाव पसंतीत लिहूच नका.

पसंती लिहिताना नकाशा घेऊन बसा. सगळ्या पसंती पुणे, ठाणे आणि नाशिक शहरांत लिहिल्या तर तुम्ही काहीच न लिहिल्यासारखे होते, कारण तिथे सगळेच लिहितात. एक पसंती मोठ्या शहराची, एक त्या शहरापासून दोन-अडीच तासांवरच्या तालुक्याची आणि एक अशा जिल्ह्याची जिथे जायला तुमची खरोखर तयारी आहे, अशी मांडणी जास्त कामाची. गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग किंवा विदर्भ-मराठवाड्याच्या आतल्या तालुक्यांत एक कार्यकाळ पुढेमागे करावा लागतोच. मुले लहान असताना किंवा शाळेत जायच्या आधी तो उरकला तर दहावी-बारावीच्या वर्षांत शहर मागताना तुमची बाजू भक्कम राहते. सेवेतले जुने लोक हाच सल्ला देतात आणि तो बरोबर आहे.

विनंती अर्ज कसा असावा

पसंती वेगळी आणि विशिष्ट कारणाने केलेली विनंती वेगळी. ऐकली जाणारी कारणे थोडी आहेत: स्वतःचे किंवा कुटुंबातल्या अवलंबून व्यक्तीचे गंभीर आजारपण, पती-पत्नी दोघेही नोकरीत असणे, अपत्याची दहावी-बारावी, अपंग अपत्याची शाळा किंवा उपचार आणि निवृत्ती जवळ असणे. अर्ज एका पानाचा असावा. कोणते उपचार, कोणत्या रुग्णालयात, किती दिवसांनी जावे लागते आणि सध्याच्या ठिकाणाहून ते का जमत नाही, हे चार मुद्दे पुरेत. सोबत शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र, शाळेचे बोनाफाइड, जोडीदाराच्या कार्यालयाचे पत्र. जोडीदार खासगी नोकरीत असेल तर तिची बदली का शक्य नाही, याचा कागदही जोडा.

जिल्ह्याचे नाव द्यावे, विशिष्ट कोर्ट मागू नये. ‘पुण्यातच आणि शिवाजीनगरलाच’ असा आग्रह धरणारा अर्ज वाचणाऱ्याला लगेच वेगळा वास येतो. दुसऱ्या अधिकाऱ्याशी परस्पर ठरवून दोघांनी जोडीने अर्ज करण्याची पद्धत दिसते, पण तसे ठरले म्हणून तो मंजूर होतो असे नाही.

आदेश मनाविरुद्ध आला तर निवेदन देता येते, मात्र रुजू होणे थांबवू नये. बदली हा सेवेचा भाग आहे आणि तिच्यात न्यायालये सहसा हात घालत नाहीत, ही भूमिका तुम्ही स्वतः इतरांच्या प्रकरणांत वाचलेली असते. अपवाद आहेत. मध्य प्रदेशातल्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांची २०१४ मध्ये सत्राच्या मधेच ग्वाल्हेरहून सिधीला बदली झाली. मुलगी बारावीत असल्याने त्यांनी मुदत मागितली होती, ती नाकारली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. १० फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो राजीनामा स्वेच्छेचा मानता येणार नाही असे ठरवून त्यांना सेवेत परत घ्यायला लावले. बदली करताना उच्च न्यायालयाच्याच बदली धोरणातल्या तरतुदींकडे नीट पाहिले गेले नव्हते, हा मुद्दा त्या निकालात वजनाचा ठरला. निवेदन लिहिताना हेच लक्षात ठेवावे. तक्रारीचा सूर टाळून, परिपत्रकातला कोणता निकष तुमच्या बाबतीत निसटला, तेवढे दाखवावे.

आदेश हातात आल्यावर काय वाचायचे

लोक पहिल्यांदा गावाचे नाव वाचतात आणि आदेश मिटवतात. पदनाम नीट वाचा. ‘दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग’ आणि ‘सह दिवाणी न्यायाधीश’ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात बहुधा त्या कोर्टाचे प्रशासन, कर्मचारी आणि पैशांचे व्यवहार तुमच्या गळ्यात पडतात. सह किंवा दुसरे सह असाल तर तुमचा बोर्ड (रोजच्या प्रकरणांची यादी) आणि तुमचा स्टाफ एवढेच. मग पाहायचे: तुमच्या जागी कोण येणार, की पद रिकामे राहणार? कार्यभार कोणाकडे द्यायचा? कोणत्या तारखेला सुटायचे? नव्या जागी आधीचा अधिकारी तोवर सुटलेला असेल का? आदेशात ‘अमुक यांच्या जागी’ असे असेल तर त्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी फोन करा. सर्वांत उपयोगी माहिती त्याच्याकडे असते.

मुंबईच्या जुन्या आदेशांत ‘महानगर दंडाधिकारी’ हे पद दिसेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर दंडाधिकाऱ्यांचा तो वर्ग उरलेला नाही.

निकालावर ठेवलेली प्रकरणे

इथून पुढचे सगळ्यांत महत्त्वाचे. आदेश येण्याची शक्यता दिसू लागली की नवे युक्तिवाद ऐकण्याचा वेग आवरता घ्या. युक्तिवाद ऐकले आणि निकाल दिला नाही, तर तुमच्यामागून येणाऱ्याला ते पुन्हा ऐकावे लागतात. पक्षकार वकिलाची फी पुन्हा भरतो, साक्षीपुराव्याची उजळणी होते, आणि पहिल्या न्यायाधीशाला काय पटले होते याच्या वावड्या बारमध्ये उठतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नियम १ प्रमाणे निकाल ३० दिवसांत द्यायचा प्रयत्न करायचा असतो आणि अपवादात्मक कारण असले तरी तारीख सर्वसाधारणपणे ६० दिवसांपलीकडे नेता येत नाही. फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९२ ने ही मर्यादा ४५ दिवसांची केली आहे. तेव्हा मार्चपासूनच ‘निकालावर’ असलेल्या प्रकरणांची यादी टेबलाच्या काचेखाली असावी आणि ती रोज कमी होत जावी.

सुटण्याच्या आदल्या आठवड्यात दहा-बारा निकाल एकदम देण्याचा मोह टाळा. असे निकाल अपिलात लगेच ओळखू येतात: मुद्दे जुळत नाहीत, साक्षीदारांची नावे बदललेली असतात. जे होणार नाही ते मोकळे करा, रोजनाम्यात (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत) तशी नोंद करा आणि पुढची तारीख द्या. कार्यभार सोडल्यानंतर कोणताही निकाल लिहून, सही करून मागे पाठवायचा नाही. त्या क्षणापासून त्या प्रकरणावर तुमचा अधिकार नसतो, आणि मागची तारीख टाकून केलेली सही ही सरळ शिस्तभंगाची बाब आहे. लिहून पूर्ण झालेला पण उच्चारायचा राहिलेला दिवाणी निकाल मात्र आदेश २० नियम २ खाली उत्तराधिकाऱ्याला उच्चारता येतो. हुकूमनाम्यावर (डिक्रीवर) सही राहिली असेल तर नियम ८ प्रमाणे तोच सही करू शकतो. त्यामुळे हुकूमनाम्यांसाठी रात्री जागू नका. खुल्या कोर्टात सांगितलेल्या पण टंकलिखित प्रतीवर सही नसलेल्या निकालांसाठी जागा. लघुलेखकाच्या वहीत अडकलेला निकाल पुढे कोणालाच सोडवता येत नाही.

अर्धवट साक्षींचे नियम दिवाणी आणि फौजदारीत थोडे वेगळे आहेत. दाव्यात आदेश १८ नियम १५ प्रमाणे आधीच्या न्यायाधीशाने नोंदवलेला पुरावा पुढचा न्यायाधीश वापरू शकतो. फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६५ तीच मुभा देते आणि न्यायासाठी गरज वाटली तर साक्षीदार परत बोलावता येतो. पण ही मुभा संक्षिप्त, म्हणजे पुराव्याची थोडक्यात नोंद करून झटपट चालवायच्या, खटल्यांना लागू नाही. धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत इथेच ठेच लागते. परक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याच्या कलम १४३ नुसार ती प्रकरणे संक्षिप्त पद्धतीने चालवायची असतात, आणि २०११ मध्ये नितीनभाई शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संक्षिप्त खटल्यात एकाने नोंदवलेल्या पुराव्यावर दुसरा शिक्षा देऊ शकत नाही. २०१४ च्या बहरुनी निकालाने प्रत्यक्षात पुरावा सविस्तर, समन्स खटल्याच्या धर्तीवर नोंदवला असेल तर पुन्हा पहिल्यापासून चालवायची गरज नाही असे म्हटले. म्हणजे सगळे कशावर अवलंबून? रोजनाम्यावर. प्रकरण समन्स पद्धतीने चालवायचे ठरवले असेल तर कारणांसह आदेश करा. १६ एप्रिल २०२१ च्या घटनापीठाच्या निर्देशांप्रमाणे ती कारणे नोंदवणे आवश्यकच आहे. हा एक परिच्छेद फायलीत नसेल तर चार वर्षे जुन्या शेकडो प्रकरणांत आरोपीचे वकील ‘डी नोव्हो’चा, म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवण्याचा, अर्ज देतात.

उलटतपासणी सुरू झालेला साक्षीदार शक्यतो संपवून जा. जबानीच्या प्रत्येक पानावर सही आहे का ते एकदा बेंच क्लार्कला सोबत घेऊन पाहा. राहिलेली सही नंतर मिळवता येत नाही.

तिसरी यादी अंतरिम आदेशांची, आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. तात्पुरता मनाई हुकूम ‘पुढील तारखेपर्यंत’ असा असतो. ती तारीख न्यायाधीशांची खुर्ची रिकामी असतानाची निघते, तात्पुरता कार्यभार सांभाळणारे इनचार्ज न्यायाधीश पन्नास प्रकरणांत फक्त तारखा देतात आणि हुकूम चालू ठेवल्याची ओळ लिहायची राहते. दुसऱ्याच दिवशी प्रतिवादी जेसीबी घेऊन जागेवर हजर. अशा फायलींची वेगळी यादी करून, प्रत्येकीवर पुढची तारीख आणि हुकमाची मुदत लिहून ती इनचार्जच्या हातात द्यावी.

त्याच पानावर कोठडीतल्या आरोपींची यादी असावी: अटकेची तारीख, दोषारोपपत्राचा ६० वा किंवा ९० वा दिवस, पुढची रिमांड तारीख.

चार्ज देणे

कार्यभार हस्तांतरणाचे प्रमाणपत्र म्हणजे सीटीसी. त्यावर तारखेसोबत मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहायला विसरू नका, कारण वेतनाचा आणि पदग्रहण अवधीचा हिशेब त्यावरून होतो. प्रती उच्च न्यायालय, प्रमुख जिल्हा न्यायाधीश, कोषागार आणि स्वतःसाठी.

त्याआधी प्रत्यक्ष मोजणी. नाझरसोबत (कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यासोबत) रोकडवही आणि शिल्लक पाहा. मुद्देमाल खोलीत दागिने, रोकड, शस्त्रे आणि अमली पदार्थ यांची नोंदवहीशी पडताळणी करा. सगळा मुद्देमाल मोजणे एका दिवसात होत नाही, पण किमती वस्तू तरी मोजाव्यात. सीलबंद लखोटे वेगळे: दंडाधिकाऱ्यापुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवलेले जबाब, ओळखपरेडचे कागद. न्यायालयाचा शिक्का, कपाटाच्या किल्ल्या, ग्रंथालयातली तुमच्या नावावरची पुस्तके, सरकारी लॅपटॉप आणि प्रिंटर यांची यादी. चेंबरमधल्या फायली शेवटच्या दिवशी संबंधित लिपिकाकडे सहीने परत द्या. निकाल लिहायला घरी नेलेल्या फायली आधी आठवा.

तालुक्याच्या न्यायालयात आहरण व संवितरण अधिकारी (पगार आणि बिलांचे पैसे काढून वाटणारे अधिकारी) बहुधा प्रमुख न्यायाधीशच असतात. तुम्ही सुटलात आणि उपकोषागारात व बँकेत पुढच्या अधिकाऱ्याची किंवा इनचार्जची नमुना स्वाक्षरी पोचली नाही, तर संपूर्ण कोर्टाचा पगार अडतो. शिपाई आणि बेलिफांच्या घरी त्या महिन्यात काय होते हे वेगळे सांगायला नको. नमुना स्वाक्षरीचे पत्र सीटीसीसोबतच तयार ठेवा.

स्वतःचे कागद तीन: अंतिम वेतन प्रमाणपत्र, रजेचा हिशेब आणि त्या काळातल्या कामाचे विवरणपत्र. सेवार्थ या सरकारी वेतन प्रणालीत जुन्या कार्यालयाने तुम्हाला कार्यमुक्त दाखवल्याशिवाय नवे कार्यालय पगार काढू शकत नाही. निघण्याआधी ते लिपिकासमोर बसून करून घ्या. गोपनीय अहवालासाठीही वर्षाच्या त्या भागातले निकाली प्रकरणांचे आकडे आणि प्रत्यक्ष कामाचे दिवस याची प्रत स्वतःजवळ ठेवा. प्रवासाचे दिवस कामाच्या दिवसांत धरले गेले तर सरासरी विनाकारण खाली दिसते.

पैसे

दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी २०२४ च्या निकालात भत्त्यांबाबतही मान्य केल्या. त्यानुसार बदली अनुदान एका महिन्याच्या मूळ वेतनाइतके आहे. सुरुवातीच्या टप्प्यावर मूळ वेतन ७७,८४० रुपये, म्हणजे अनुदानही तेवढेच. वीस किलोमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर किंवा त्याच शहरात घर बदलावे लागले तर एक तृतीयांश. सामानाच्या वाहतुकीचा खर्च आणि कुटुंबाचे प्रवासभाडे याशिवाय. ट्रकवाल्याकडून जीएसटी क्रमांक असलेले बिल आणि बिल्टी घ्या. साध्या वहीच्या पानावरची पावती आक्षेपात अडकते. स्वतःच्या विनंतीवरून झालेल्या बदलीत भत्त्यांचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून आदेशात ‘विनंतीवरून’ असे लिहिले आहे की ‘प्रशासकीय’, ते बिलाआधी पाहा.

नव्या ठिकाणी

रुजू झाल्यावर पहिली भेट प्रमुख जिल्हा न्यायाधीशांची. मग दोन कामवाटपाचे आदेश मागा: दिवाणी कामाचा आणि फौजदारी कामाचा. कोणती पोलीस ठाणी तुमच्याकडे आहेत हे मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या वाटपातून ठरते, आणि रिमांडला आलेला पोलीस हवालदार सांगतो तेच बरोबर असेल असे नाही. तिसरे, संगणक. सीआयएसमध्ये (प्रकरणांच्या नोंदीच्या संगणक प्रणालीत) नवा न्यायाधीश आणि त्याच्या कार्यकाळाची सुरुवात नोंदवली नसेल तर तुमचे आदेश आधीच्या अधिकाऱ्याच्या नावाने संकेतस्थळावर झळकतात. जिल्ह्याच्या सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरकडून ही नोंद, डिजिटल सही आणि न्यायाधीशांसाठीचे जस्टिस अॅप पहिल्याच दिवशी सुरू करून घ्या.

पहिला आठवडा मोठे आदेश टाळून बोर्ड समजून घेण्यात घालवणे शहाणपणाचे. सर्वांत जुनी वीस प्रकरणे, कोठडीतले आरोपी, चालू मनाई हुकूम आणि आधीच्या न्यायाधीशाने ऐकलेले पण न दिलेले निकाल, या चार यादी शिरस्तेदाराकडून मागा. यादी नसेल तर ती तयार करायला लावा. दुसऱ्या आठवड्यात मुद्देमाल खोली.

भाषा हा भाग लोक विसरतात. सिरोंचा हे गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटरवर, तेलंगणाच्या सीमेला लागून. साक्षीदार तेलुगू बोलतो. नंदुरबारच्या डोंगरी भागात भिली, मेळघाटात कोरकू. जबानी नोंदवताना कोर्टातलाच एखादा शिपाई भाषांतर करतो ही सर्रास पद्धत आहे आणि ती धोक्याची आहे. दुभाष्याला शपथ देऊन त्याचे नाव जबानीत लिहा.

घराचे म्हणाल तर सरकारी निवासस्थान रिकामे आहे का, छप्पर गळते का, हे आधीच्या अधिकाऱ्याला विचारा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला पावसाआधी पत्र द्या. जूनमध्ये रुजू होऊन जुलैत दुरुस्ती मागणाऱ्याला ऑक्टोबरपर्यंत बादल्या ठेवाव्या लागतात. भाड्याचे घर घ्यावे लागले तर मालकाचे नाव दावे आणि खटल्यांच्या यादीत शोधून पाहा. लहान गावात चांगले घर बहुधा वकिलाचे, सावकाराचे किंवा पुढाऱ्याचे असते आणि भाडेही आश्चर्यकारकरीत्या कमी सांगितले जाते. करार लेखी करा, भाडे बँकेतून द्या, बाजारभावाने द्या. घर दाखवायला कोर्टाच्या कर्मचाऱ्याने आणलेल्या गाडीत बसू नका. ती गाडी कोणाची हे दुपारपर्यंत सगळ्या बारला कळलेले असते. वकील संघाच्या स्वागताचा चहा घ्यावा, शाल-श्रीफळापलीकडच्या वस्तू हसून परत कराव्यात. पहिल्या दिवशी परत केल्या तर पुढची तीन वर्षे कोणी आणत नाही.